ओढलं की घट्ट होणारा जोड

आमच्या ह्यांना ऑफिसात आक्षेपराव म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. एकदा घरचा फोन मी उचलला आणि पलीकडच्या गृहस्थांनी “आक्षेपराव निघाले का?” असं विचारलं, मग बाईचा आवाज ऐकून जे गप्प झाले ते झालेच. मला नाव फार आवडलं. इतकी वर्षं मी ह्यांच्यासाठी नेमका शब्द शोधत होते, तो ऑफिसवाल्यांनी आयता शोधून ठेवला होता.

हे पेटंट कचेरीत परीक्षक आहेत, विजेच्या विभागात. लोक काहीतरी शोध लावतात, त्याची आकृत्यांसकट फाइल पाठवतात, आणि हे खुर्चीत बसून त्यात नवीन काहीच नाही हे शोधून काढतात. त्यातही ह्यांच्या वाट्याला प्लग, सॉकेट, वायर आणि वायरीचे जोड येतात. ह्यांनी आकाशातला तारा पाहिला तरी आधी त्याची वायर कुठून गेली ते बघतील. घरात नवीन पडदे लावले तेव्हा हे दारातच थांबून म्हणाले, “ह्यात नवीन काय?” मी म्हटलं, पडदे. ते ह्यांना पटलं नाही.

लहानपणी म्हणे ह्यांनी सासऱ्यांचा रेडिओ उघडला होता. तो पुन्हा बंद झाला, पण पुढे वाजला मात्र नाही. तेव्हापासून ह्यांना काहीतरी स्वतःचं बनवायचं होतं. शिकले, नोकरीला लागले, आणि नोकरी लागली ती दुसऱ्यांनी बनवलेलं तपासायची. वर त्या कचेरीचा नियम असा की तिथल्या माणसाला स्वतःच्या नावावर पेटंट घेता येत नाही. मिठाईच्या दुकानात नोकरी लागावी आणि डॉक्टरांनी गोड बंद करावं, तसं ह्यांचं झालं.

तरी एक गोष्ट ह्यांनी बनवली, आणि ती माझ्यासाठी बनवली.

माझं शिवणाचं दुकान आहे, घराला लागूनच. एक खोली, एक मोठं टेबल, मोटर लावलेलं मशीन, कोपऱ्यात इस्त्री, आणि काजं करायला माझी नणंद. गिऱ्हाइकांना आत येताना वायरीत पाय अडकवायची भारी हौस. पाय अडकला की प्लग निघायचा आणि टाका अर्ध्यात तुटायचा. मी चिडचिड करत होते तेव्हा हे आठवडाभर बाल्कनीत कानस घेऊन बसले आणि प्लगला एक कडी करून आणली. वायर ओढली की कडीच्या आतले आकडे सॉकेटच्या खाचेत जास्तच रुतायचे. जितकं ओढाल तितकं घट्ट. सोडवायचं तर प्लग आधी आत दाबायचा, तसाच दाबून धरून दुसऱ्या हाताने कडी फिरवायची, मग बाहेर. त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

फक्त एक अडचण होती आणि ती मी बोलून दाखवली. माझ्या एका हातात कायम काहीतरी असतं, कधी कापड, कधी तापलेली इस्त्री. मी म्हटलं, अहो, हे एका हाताने निघत नाही. हे म्हणाले, “मग दुसरा हात कशाला दिलाय?” पुढे मी ते चार वेळा म्हटलं असेल. मग सोडून दिलं आणि कात्रीच्या दांडीने प्लग दाबून धरायला शिकले. कधी कधी कोपराने, आणि कुणी बघत नसेल तर गुडघ्याने.

अशी वर्षं गेली. मग गेल्या वर्षी ह्यांच्या बोलण्यात ‘ती’ आली.

जेवताना हे म्हणाले, तिने आकृत्या मात्र स्वच्छ काढल्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिची तिसरी आकृती बघवत नाही. मी विचारलं, बघवत नाही म्हणजे? तर हे भातच कालवत राहिले. तिच्या अर्जाची फाइल जाहीर झालेली होती म्हणून घरी बोलायला मोकळीक होती, आणि ह्यांनी ती मोकळीक पुरेपूर वापरली. ती म्हणते असं, तिचं म्हणणं तसं. मी तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर मागवलंय, बघू काय लिहिते. उत्तर आलं त्या संध्याकाळी हे शीळ घालत आले, आणि वाचून झालं होतं तरी पुन्हा वाचत बसले.

नणंद काजं करता करता म्हणाली, “वहिनी, दादा एवढं तर तुझ्याबद्दलही कधी बोलला नाही.” ती मला चिडवत होती. पण माझ्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकली. मी खोटं कशाला बोलू, मला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटायला लागला. माझ्या एवढ्या वर्षांच्या शिवणाबद्दल ह्यांनी कधी एक वाक्य काढलं नव्हतं. आणि हिच्या कागदावरच्या रेघांनी ह्यांची झोप उडवली होती. मी गिऱ्हाइकाच्या एका झग्याला बाहीच्या जागी गळा कापून ठेवला, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग एके दिवशी हे दुपारीच घरी आले, सरळ दुकानात शिरले, माझं चालू मशीन थांबवलं आणि प्लग काढून हातात घेतला. मशीनपुढे बसून कडीकडे बघत राहिले. डोळे लाल. मी घाबरले. विचारलं तर म्हणाले, “तिने हाच जोड लिहिलाय. माझा जोड. ओढलं की घट्ट होतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांचं त्या बाईवर मन जडलं नव्हतं. ह्यांच्या पोटात दुखत होतं. ह्यांना जे करता येत नव्हतं ते ती उजळमाथ्याने करत होती, आणि त्याच्यावर शिक्का मारायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं. नळाच्या तोटीचा जुना कागद, पडद्याच्या दांडीचा खटका, सायकलचा ब्रेक, जे जुनं सापडेल ते ‘हे आधीच झालंय’ म्हणून जोडून ह्यांनी तिच्यावर आक्षेप घेतले होते, आणि ती प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होती. मला वाटलं माझा जीव भांड्यात पडेल. पडला नाही. हे तिच्यावर भाळले असते तर चार दिवस भांडून मोकळी झाले असते. हे जळत होते, आणि ते बघवत नव्हतं.

मग ह्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी सुई खाली ठेवली. दुकान सगळ्यांसाठी उघडं असतं, म्हणजे कडी लोकांसमोर वापरली गेली. अर्ज करण्याच्या आधीपासून ती सगळ्यांच्या देखत वापरात होती एवढं जर बाहेरच्या कुणी लिहून दिलं, तर त्या बाईच्या जोडाचं नवेपण संपतं. कुणीही लिहून देऊ शकतं. शिवणाचं दुकान चालवणारी बाईसुद्धा.

“तू फक्त सही कर,” हे म्हणाले. “त्यात खोटं काहीच नाही.”

खोटं नव्हतंच. पण हाच माणूस ऑफिसच्या पाकिटाच्या पाठीवर मला वाण्याची यादी लिहू देत नाही. स्वतः तपासत असलेल्या फाइलवर स्वतःच्या बायकोकडून हरकत लिहून घ्यायची, हे ह्यांना शोभणारं नव्हतं, आणि ते ह्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी मी सही केली. ह्यांच्यावरच्या प्रेमापोटी केली असं म्हणायला मला आवडेल. पण त्या बाईला एकदा जमिनीवर आणावं असं मलाही वाटत होतं.

सुनावणीच्या दिवशी हे तो सही केलेला कागद घरी विसरले आणि चष्माही. चष्मा खरंच विसरले होते, कागद मी लपवला होता. कागद द्यायचा तर आधी ती बाई बघायची, असं माझं ठरलं होतं. चांगले कपडे घातले, नणंदेच्या खोचक नजरेकडे दुर्लक्ष केलं, दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या आणि निघाले.

ह्यांच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे. त्यावर एक बाई एकटीच बसली होती. मी मनात जिला रंगवलं होतं तिचा ह्या बाईशी काही संबंध नव्हता. माझ्याच वयाची, केस कसेतरी बांधलेले, बोटांवर डाख देताना भाजल्याचे डाग. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत प्लग आणि सॉकेट. ती वायरिंगची कामं करते असं तिने आपणहून सांगितलं. घाबरलेली माणसं शेजारच्याला काहीही सांगतात. मी कोण ते मी सांगितलं नाही.

तिची आई श्वासाच्या यंत्रावर असायची. यंत्राचा प्लग एकदा झाडू मारताना निघाला, आणि बाजूच्या खोलीत असलेल्या हिला ते उशिरा कळलं. आई वाचली, पण हिने तेव्हाच ठरवलं की हा जोड सुटता कामा नये. मग कडी केली. ती सुटेना, पण आता दुसरंच संकट. आईला खोलीतून हलवायचं असलं की एका हाताने आईला धरायचं आणि दुसऱ्या हाताने प्लग काढायचा. कुठून आणायचा तिसरा हात?

“बघा,” ती म्हणाली, आणि तिने पिशवीतून जोड काढून सॉकेट बाकाच्या फळ्यांमधल्या फटीत घट्ट बसवलं. कडीला अंगठ्यापुरती खोलगट जागा होती. तिने प्लग मुठीत धरला, अंगठ्याने कडी दाबली, आणि दाबणं नि फिरणं एकाच वेळी होऊन प्लग हातात आला. एका हातात. दुसऱ्या हातात तिची पिशवी होती.

मी मागून घेतला. लावला, काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. कात्रीची दांडी, कोपर, गुडघा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिच्या आईला ही मुलगी होती. तिने आईचा हात बघितला, स्वतःचा हात बघितला आणि त्या हाताला झेपेल अशी कडी केली. माझे हात मात्र कुणी बघितले नव्हते. मी त्या म्हातारीचा हेवा केला, श्वासाच्या यंत्रावरच्या म्हातारीचा. ह्याच्यापुढे माणूस आणखी किती खाली जाणार.

मी ह्यांच्या खोलीत गेले. हे फाइल उघडून बसले होते, चष्म्याशिवाय. मी चष्मा टेबलावर ठेवला. ह्यांनी दुसऱ्या वस्तूसाठी हात पुढे केला. मी पर्स बंद केली.

“ती एका हाताने सोडते,” मी म्हटलं. “तुमची कडी मला आजवर एका हाताने सोडता आलेली नाही.”

“तू कधी सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दुसरा हात कशाला दिलाय.”

ह्यांनी चष्मा घातला आणि तिची तिसरी आकृती पुन्हा बघितली. हे मला नेहमी सांगतात की अर्जात आधी जुनं लिहिलेलं असतं, मग ‘वैशिष्ट्य असं की’ असं येतं, आणि नवं जे काही असेल ते त्याच्यापुढे. परीक्षकाचं सगळं लक्ष तिथे हवं. ह्यांचं लक्ष आधीच्याच भागात अडकलं होतं, कारण तिथे ह्यांना स्वतःची कडी दिसली होती. पुढचं ह्यांनी वाचलं होतं, पण डोळ्यांनीच. मी तिथून निघाले, थांबायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी हे आले. चहा घेतला. मग सांगितलं की सुनावणीत तिला जोड एका हाताने सोडवून दाखवायला सांगितलं, आणि स्वतःही सोडवून पाहिला. आक्षेप मागे घेतले. दावा, म्हणजे आपलं नवीन काय ते, अंगठ्याच्या त्या कडीपुरता लिहून द्यायला सांगितला, तिने तिथेच कबूल केलं. पेटंट मिळेल. हे सगळं हे भिंतीकडे बघून बोलत होते.

“निघताना तिने विचारलं,” हे म्हणाले, “साहेब, तुमचा हात ह्यात एवढा बसलाय, तुम्ही स्वतः कधी असं काही बनवलंय का?”

“मग?”

“नाही म्हटलं.”

मी उठले ती तडक दुकानात गेले. नणंद काहीतरी विचारत होती, मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणजे काय? मग माझ्या मशीनला इतकी वर्षं जे लावलंय ते काय आहे? मला कळत होतं की ह्यांनी ते का म्हटलं. हो म्हटलं असतं तर पुढे सगळं सांगावं लागलं असतं, आणि बाईच्या आनंदात माती कालवली गेली असती. ह्यांनी आयुष्यात एवढंच एक स्वतःचं केलं आणि तेही सोडून दिलं. कळत होतं, तरी मला रडू आलं.

हे मागोमाग आले. म्हणाले, तिची कडी बाजारात आली की आपण आणू, तोवर ही काढून साधा प्लग लावून देतो, तुझे हात तरी सुटतील. आणि खाली वाकले.

“हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

“अगं, पण दोन हात लागतात ना?”

“लागू देत.”

हे तसेच वाकलेले राहिले, मग हळूच उठले आणि आत गेले. सही केलेल्या कागदावर मी दुसऱ्या दिवशी कॉलरचा नमुना कापला, कागद चांगला जाड होता. त्या बाईची कडी आता कारखान्यात बनेल, दुकानादुकानांत लटकेल, कुणालाही मिळेल. तिचं भलं होवो. ह्यांची कडी जगात एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे. परवा एका गिऱ्हाइकाने ती बघून विचारलं, कुठे मिळते हो ही? मी म्हटलं, कुठेच मिळत नाही, आणि तिच्यावर कापड ओढून घेतलं.