सईची लेन्स आणि मोठ्याबाई

मोठ्याबाईंना कुणाच्या हातातलं काम त्याच माणसाकडून पुरं झालेलं बघवत नसे. कणीक मळत असा, कपड्याला बटण लावत असा, पोराला औषध पाजत असा. त्या मागे येऊन उभ्या राहत, घटकाभर बघत आणि "दे इकडं" म्हणून काम हिसकावून घेत. त्या माझ्या मोठ्या जाऊ. दारव्ह्यात आमची बिऱ्हाडं दोन, पण अंगण एकच, त्यामुळे त्यांच्यापासून सुटका नव्हती. माझा स्वयंपाक, माझी धुणी, माझ्या नवऱ्याचे सर्दी-खोकले, सगळं त्यांच्या देखरेखीखाली चाले.

माझी सई जन्मली तीच एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन. म्हाताऱ्यांना होतो तो तान्ह्या लेकराला कसा होईल, यावर घरात कुणाचा विश्वास बसेना. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं खराब झालेलं भिंग काढलंय, आता बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स लावायची. रोज सकाळी घालायची, रात्री काढायची आणि चांगल्या डोळ्यावर दिवसातले काही तास पट्टी बांधायची. नाहीतर मेंदू या डोळ्याला विसरून जाईल.

मोठ्याबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. गाडीत बसल्याबरोबर म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराच्या डोळ्यात काच घालते काय कोणी? त्या डॉक्टरले सोताचे लेकरं नसतीन." घरी पोचल्यावर त्यांनी ही बातमी गल्लीभर केली. महागावच्या आत्तेसासूबाईंचा फोन आला, कुणी मध घालायला सांगितलं, कुणी गुलाबपाणी. मी प्रत्येकाला तेच ते समजावत राहिले आणि प्रत्येक जण शेवटी म्हणे, "पण मोठ्याबाई तर म्हणत होत्या..."

लेन्स घालायचं काम माझं. सईला दुपट्यात गुंडाळायचं, पापण्या दोन बोटांनी उघडायच्या आणि बोटाच्या टोकावरची ती नखाएवढी चकती बुबुळावर ठेवायची. डॉक्टरांकडे शिकले होते, पण घरी पापणीला बोट लावलं की मीच ते मागे घेई. सई किंचाळे, लेन्स गालावर पडे, कधी दुपट्याच्या घडीत जाई. मग धुवायची, पुन्हा घालायची. चार सकाळी मोठ्याबाईंनी दारातून हा तमाशा पाहिला. पाचव्या सकाळी त्या हात धुऊन आल्या, माझ्या बोटावरची लेन्स घेतली आणि सई तोंड उघडायच्या आत घालून मोकळ्या झाल्या. वर मलाच म्हणाल्या, "घाबरट हायस तू."

त्या दिवसापासून लेन्स त्यांची झाली. आदल्या आठवड्यापर्यंत डॉक्टरला शिव्या देणारी बाई आता डॉक्टरपेक्षा कडक झाली. सईला काजळ लावायला आलेल्या माझ्या आईला त्यांनी परत पाठवलं. घरात मिरच्या भाजायच्या तर सईला आधी बाहेर न्यायचं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आलेल्या माझ्या नवऱ्यानं अंघोळीशिवाय पोरीला घ्यायचं नाही. लेन्सला नळाचं पाणी लागता कामा नये, हे त्या भांडीवाल्या बाईलाही बजावत. तिचा लेन्सशी काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. नियम सगळे बरोबर होते. माणूस मात्र असह्य होतं.

त्यांचं नाव असं झालं की चष्मा लागलेल्या मुलांच्या आया आमच्याकडे येऊ लागल्या. मागच्या आळीतल्या मास्तरीणबाई त्यांच्या दुसरीतल्या मुलीला घेऊन आल्या. तिला गॅदरिंगमध्ये नाचायचं होतं आणि चष्म्याऐवजी लेन्स हवी होती. मोठ्याबाईंनी त्या पोरीचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, नखं बघितली आणि आईला म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या डोळ्याले गरज हाय. तुह्या पोरीले हौस हाय. सोताचे हात सोता धुवाची अक्कल आली की घेऊन ये हिले, मंग डॉक्टरले विचार." इथंच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण पुढे त्यांच्या घरच्या मळक्या टॉवेलांबद्दलही बोलल्या. मास्तरीणबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

सई चार वर्षांची असताना एका सकाळी तिचा तो डोळा लाल दिसला. मोठ्याबाईंनी नेहमीसारखी लेन्स घातली होती. मी म्हटलं, काढूया. त्या म्हणाल्या, धूळ गेली असेल, डॉक्टरनं सांगितलंय एक दिवस चुकवायचा नाही. दुपारी सई उजेडाकडे बघेना, डोळ्यातून सारखं पाणी. मी पुन्हा म्हटलं, तर त्यांनी सईला पदराखाली घेतलं.

"मोठ्याबाई, सोडा तिला. पोरगी माझी हाय," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. त्यांनी हात सैल केले. मी हात धुतले, सईचं डोकं मांडीवर घेतलं आणि लेन्स काढली. तडक यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम व्हायला सुरुवात झालीय. लाल डोळ्यात लेन्स कधीच ठेवायची नाही, रात्रभर राहिली असती तर अवघड होतं. मोठ्याबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होत्या.

औषधांनी डोळा बरा झाला. पुन्हा लेन्स घालायची परवानगी मिळाली, त्या सकाळी त्यांनी लेन्सची डबी आणून माझ्यासमोर ठेवली.

"आता तूच घाल."

"काहून?"

"मले भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या आणि सईचं डोकं धरायला खाली बसल्या. पुढे कायम डोकंच धरत राहिल्या. सूचना अर्थातच थांबल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मोठ्याबाई गेल्या. रात्री छातीत कळ आली आणि पहाटे संपलं. सकाळी अंगण माणसांनी भरलं. सई कोपऱ्यात उभी होती, एक डोळा बारीक करून. तिच्या लेन्सची कुणाला आठवणच राहिली नव्हती. मी तिला लेन्स घालायला आत नेऊ लागले तर कुणीतरी म्हणालं, "आता हे काय काढलं, न्यायची वेळ झाली." मी म्हटलं, थांबा. सगळ्यांना थांबवलं.

मी हात धुतले, कोरडे केले. सई स्वतःच वर बघून बसली.

"लवकर घाल आई," ती म्हणाली. "मले मोठ्याबाईले दोन्ही डोळ्यांनी पाहाचं हाय."

लेन्स पहिल्या खेपेलाच बसली. मी तिला सांगितलं, आता डोळा चोळायचा नाही. तिनं चोळला नाही. मोठ्याबाईंच्या उशाशी उभी राहून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, ती नुसती रडत राहिली.