एक शिट्टी की दोन

जूचंद्रचा पॉइंट आम्हाला मिळाला तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. फॉल इन झालं, हजेरी झाली, मग प्लाटून कमांडर साहेबांनी कागदावरून वाचलं.

"सेक्शन लीडर सुलोचना, होमगार्ड रोझी. मिठागराकडचा रस्ता. दोर आणि वायरलेस घ्या. लोकांना पाण्यात उतरू द्यायचं नाही."

"यस सर."

रात्रभर पाऊस होता. सकाळी आठला आम्ही पॉइंटवर होतो.

होमगार्ड म्हणजे काय, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आम्ही लष्करात नाही आणि पोलिसांतही नाही. खाकी ड्रेस, लाठी आणि शिट्टी. निवडणूक, विसर्जन, पूर, जिथे बोलावतील तिथे जायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी भरती झाले तेव्हा तेवढं चालायचं. बावीस वर्षं ड्यूटी केली.

आमचं निम्मं बोलणं शिट्टीवर चालतं. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. दोराचं काम असेल तर एक म्हणजे दोर घट्ट धर, दोन म्हणजे सोड. शिट्टी पोट भरून फुंकायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तिला आवाज एकच असतो.

रोझी गिरीजची. घरची केळीची आणि भाजीची वाडी होती. पहाटे भाजी काढून ड्यूटीला यायची, तरी कधी उशीर नाही. तिचा भाऊ बोटीवर कामाला होता. त्याने तिला पत्र्याची एक शिट्टी आणून दिली होती. वीतभर लांब, वर सहा भोकं. टिन व्हिसल म्हणतात तिला. नाताळच्या कार्यक्रमात चर्चमध्ये वाजवायची म्हणून रोझी ती शिकत होती. दोन महिने झाले होते. पहिली ओळ यायची, दुसऱ्या ओळीत सूर फाटायचा. मग पुन्हा पहिली ओळ. चहाच्या सुट्टीत, गाडीत, सगळीकडे तेच.

त्या दिवशीही ती शिट्टी तिच्या पँटच्या खिशात होती.

"ड्रेसवर हे काय?" मी म्हटलं.

"ताई, बोटं बसायला नकोत का? नाही जमलं तर फादर मला घंटा वाजवायला लावतील."

"घंटा बरी. तिला एकच आवाज."

ती हसली. दुपारपर्यंत दुसरं काही घडलं नाही. आम्ही दोन रिक्षा आणि दारूच्या बारकडे निघालेला एक माणूस परत पाठवला.

एक चाळीसला वायरलेस आला.

"जूचंद्र पॉइंट, कंट्रोल. मिठागराच्या खोपीत तीन माणसं अडकलीत. बोटीला तास लागेल. तुमच्याकडे पाणी किती? ओव्हर."

"कंट्रोल, जूचंद्र पॉइंट. कमरेला. ओढ आहे. दोर आहे. ओव्हर."

"बघा जमतंय का. सांभाळून. ओव्हर अँड आउट."

जायचं की नाही ते मी ठरवलं. मला पोहता येत नाही. रोझीला येत होतं. दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं. दुसऱ्या टोकाचा विजेच्या खांबाला वेढा दिला आणि दोर माझ्या हातात घेतला. पावसामुळे पन्नास पावलांपुढे नीट दिसत नव्हतं. ओरडलेलं ऐकू जात नव्हतं. म्हणून शिट्टी.

पहिल्या फेरीत तिने एका बाईला आणलं. दुसऱ्या फेरीत त्या बाईच्या जावेला. राहिला त्यांचा म्हातारा सासरा. दुसऱ्या फेरीहून आली तेव्हा रोझी तिची ड्यूटीची शिट्टी हातावर आपटत होती. आत गढूळ पाणी गेलं होतं आणि आवाज काढणारी आतली गोळी फिरत नव्हती.

"ताई, ही मेली." तिने खिशातून पत्र्याची काढली. "हिच्यात गोळीच नाही. ही वाजेल."

"तुला वाजवता कुठे येते?"

"गाणं थोडंच वाजवायचंय? फुंकायचीच आहे."

"ठीक आहे. एक-दोन तेच."

"तेच."

माझी शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती मी दिली नाही. तिला उत्तर द्यायला मला लागली असती. तेव्हा ते बरोबर वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी ती तिसऱ्यांदा उतरली. मी हळूहळू दोर सोडत होते. ती अर्ध्यात पोचली आणि शिट्टी आली. आधी खालचा आवाज, मग वरचा. मी मोजल्या. दोन. मी दोर सैल सोडला.

त्याच वेळी वरून एक निळा पिंप वाहत आला. मला तो उशिरा दिसला. दोर घट्ट असता तर ती खांबाच्या आधाराने जागेवर राहिली असती. दोर सैल होता. पिंप लागला आणि ती गेली. मी ओढला तेव्हा गाठ सुटलेला नुसता दोर आला.

बोट तीन वाजता आली. म्हातारा खोपीच्या छपरावर होता, तो वाचला. रोझी दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधाला सापडली. पत्र्याची शिट्टी दोरीने मनगटाला बांधलेली होती.

माझं स्टेटमेंट साहेबांनी लिहून घेतलं. "होमगार्ड रोझी हिने दोन शिट्ट्या दिल्या, म्हणून दोर सैल केला." मी वाचलं आणि सही केली. खोटं काही नव्हतं. मी दोनच ऐकल्या होत्या.

पण समोर पिंप येताना दिसत असताना ती 'सोड' कशाला म्हणेल? हे मला कळलं नाही. बाकीचे म्हणाले, घाबरली असेल. रोझी घाबरणारी नव्हती. तरी मी तेच धरून राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. दर वर्षी त्या दिवशी गिरीजच्या चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा असते. मी जाते आणि शेवटच्या बाकावर बसते. गेल्या वर्षी तिची मुलगी अनिता बाहेर आली आणि माझ्या हातात रुमालात गुंडाळलेली ती शिट्टी दिली. आई गेली तेव्हा अनिता सातवीत होती.

"मावशी, ही तुम्ही ठेवा. मला घरात नको."

"का?"

"आईने दोन मारल्या ना? बघितली की तेच डोक्यात येतं. इतकी साधी चूक कशी केली तिने?"

मी शिट्टी घेऊन मनवेलपाड्याला घरी आले.

महिनाभर ती टीव्हीजवळ पडून होती. मग मी ठरवलं की शिकायची. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या मजल्यावर मांजरेकर राहतात, मालवणकडचे. नोकरीतून निवृत्त झालेत आणि बासरी वाजवतात. त्यांना शिट्टी दाखवली. ते म्हणाले, बासरीपेक्षा सोपी आहे, फुंकली की वाजते.

मी सहाही भोकं बंद केली आणि पोट भरून फुंकली. खालचा जिना चढणारी बाई जागच्या जागी थांबली.

"काकू, ट्रॅफिक अडवताय का?" मांजरेकर म्हणाले. "हळू."

"हळू फुंकली तर ऐकणार कोण?"

"मी ऐकतोय ना."

पंधरा दिवस माझा नुसता गोंधळ चालला होता. भोकावर बोट बसलं की नाही ते कळायचं नाही. खालचं बोट उचलायचं तर वरचं उठायचं. वय सदुसष्ट, बोटं लाठी धरलेली. आणि एक गोष्ट तर अजिबात डोक्यात शिरेना. बोटं न हलवताही आवाज बदलायचा. खालून एकदम वर जायचा.

"मी बोटं हलवलीच नाहीत," मी मांजरेकरांना म्हटलं. "शिट्टी फुटकी आहे का?"

"फुटकी नाही. फुंक जोरात झाली की सूर वर उडी मारतो. नवीन माणसाचं असंच होतं."

"एकाच फुंकीत?"

"एकाच फुंकीत. आधी खालचा, मग वरचा. तुमचं रोज तेच चाललंय."

मी शिट्टी खाली ठेवली. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मांजरेकरांना सोसायटीच्या गेटपाशी उभं केलं, माझ्याकडे पाठ करून. मी पाण्याच्या टाकीजवळ गेले, ड्यूटीवर फुंकतात तशी एक शिट्टी मारली आणि परत आले.

"किती ऐकल्या?"

"दोन," ते म्हणाले. "एक खालची, एक वरची. का हो?"

त्याच आठवड्यात मी गिरीजला गेले. अनिता वाडीत केळीची सुकी पानं काढत होती. तिला काही न सांगता वाडीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि तसंच केलं. तीही म्हणाली, दोन.

"एक होती," मी म्हटलं. "आमच्या शिट्टीला एकच आवाज असतो. आवाज बदलला म्हणून मी दुसरी शिट्टी धरली. तुझ्या आईने एकच मारली असणार. थांब म्हणून. दोर मी सोडला."

ती हातातलं पान मोडत खाली बसली.

"प्रूफ काय याचं?"

"काही नाही. खरंच दोनही असतील. मी ऐकल्या दोन. तिने मारल्या किती, ते मला माहीत नाही. स्टेटमेंटमध्ये तेवढंच लिहायला हवं होतं."

"आणि तुमची शिट्टी?" तिने विचारलं. "तुमच्याकडे होती ना?"

"होती. दिली नाही."

अनिता उठली, विळा घेतला आणि कामाला लागली. मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "मावशी, पुढच्या मिस्साला पुढे बसा. आणि ती घेऊन या."

सूर एकसारखा धरायला मला सात महिने लागले. गाणं येत नाही, येईल असं वाटतही नाही. घरी मी वहीच्या पानावर नवीन स्टेटमेंट लिहिलं आणि खाली सही केली. आता ते कोणाकडे द्यायचं, ते मला कळत नाही. साहेब वारले. कागद माझ्याकडेच आहे.

या वर्षी मिस्सा झाल्यावर आम्ही कबरीवर गेलो. अनिताने फुलं ठेवली. मी सावधानमध्ये उभी राहिले आणि हजेरी घेतली.

"होमगार्ड रोझी, गिरीज. जूचंद्र पॉइंट."

मग सहाही भोकं बंद केली आणि हळू फुंकली. अनिता पाठ करून उभी होती.

"किती?"

"एक," ती म्हणाली.