तिसरा प्रश्न

मेंढपाळांच्या तळावर तिला सगळे मापारीण म्हणत. लहान मुलांना झोळीत घालून काट्याला टांगायचं, दंडाला पट्टी लावायची आणि बायकांना मुलंबाळं किती ते विचारायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. वाढलेली याच तळावर. "मापारीण आली, कोकरं लपवा, त्यांनाही टांगेल," असं म्हातारे चिडवत आणि नातवंडं मुकाट्याने तिच्या हाती देत.

पहिल्या वर्षीच्या अहवालात आलं, इथे मुलं जवळजवळ दगावतच नाहीत. शहरातले संशोधक दुधाला आणि मोकळ्या हवेला श्रेय देऊन मोकळे झाले. तिने कपाळाला हात लावला. तळावरच्या बायका हयात मुलंच सांगत; गेलेल्याचा आकडा तोंडातून काढत नसत. मग तिने फॉर्ममध्ये तिसरा प्रश्न घालायला लावला: पाठीला बांधून हिंडवलेलं, पण आता नसलेलं कुणी? विचारून पेन बंद करायचं, खाली बघायचं आणि थांबायचं. नव्यांना हे तीच शिकवायची.

गेल्या उन्हाळ्यात ती फॉर्म जमा करायला शहरात गेली. तिची दीड वर्षाची मुलगी तळावर आजीजवळ होती. जुलाब लागले. निरोप पोचायला दोन दिवस गेले. वजनाच्या वहीत मुलीचा शेवटचा आकडा आईच्याच अक्षरात आहे, आठ किलो दोनशे. पुढचे रकाने कोरे.

यंदा पुन्हा फेरी आली. स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही असा नियम, म्हणून तिनेच शिकवलेला सहकारी समोर बसला. मुलं किती?

एक मुलगा, तिने सांगितलं. दुसरीकडे राहणारं कुणी? नाही. त्याने पान उलटलं आणि लसींकडे वळला.

"एक प्रश्न राहिला," ती म्हणाली.

"ताई, मला माहीत आहे. मी भरतो."

"माहीत असलेलं लिहायचं नाही. विचारायचं."

त्याने विचारलं. पेन बंद केलं, खाली बघितलं. तो थांबून राहिला.

"कुणी नाही," ती म्हणाली.

त्याने पेन उघडलं, रकान्यावर टेकवलं. सांगितलं तेच लिहायचं, हेही तिनेच शिकवलेलं.

चुलीपाशी तिची आई पाठमोरी बसली होती. इतक्या वर्षांत या प्रश्नाला म्हातारीने एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"एक," म्हातारी म्हणाली. "लिही बाबा. मुलगी."