मागच्या दारची भाकर

आमच्या चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. माझ्या दारात माझा काळा कुत्रा, धाकट्या जावेच्या दारात तिचा तांबडा. दोघेही नर, दोघेही दांडगे; माझा वर्षानं मोठा. सासूबाई जेवायला तिच्याकडे असतात. धाकटीच्या हातची भाकर मऊ लागते म्हणे. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की तिच्या घरातून भाकर थापल्याचा आवाज आला तरी माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकर कुत्र्याची. ती मी अंगणाच्या मधोमध टाकायची, सासूबाईंना दिसेल अशी. जाऊही तिथेच टाकायची. मग मी माझी जरा मोठी थापू लागले, तर तिनं तिच्या भाकरीवर दूध ओतलं. दोन्ही कुत्रे शेपट्या ताठ करून गुरगुरायचे आणि भाकर बाजूला ठेवून एकमेकांची मान धरायचे. माझा वर आला की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी सोडवायला मध्ये हात घातला आणि नेमका काळाच त्यांना चावला. इंजेक्शन घेऊन आल्यावर म्हणाले, "याले वावरात नेऊन बांधतो. घरी एकच कुत्रं राहीन."

"तिचं काहून नाही?"

"ते मले चावलं नाही."

वावर पातूरच्या पुढे, जंगलाला लागून; रात्री तिथे बिबट्या फिरतो, माणूस कोणी नसतं. म्हणजे कुत्रा गेलाच समजा, आणि अंगण सगळं तिचं. मला रडू फुटलं. शेवटी हे म्हणाले, "पोळ्यापर्यंत पायतो."

मी भाजी विकायला अकोल्याला गेले तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "भाकर अंगणात टाकता? मंग तुमीच भांडण लावून देऊन राहिल्या. आपापल्या मागच्या दारी द्या, एकमेकाले दिसू देऊ नका. मोठ्याले पयले द्या. दोघायची नसबंदी करा. भांडायले लागलेच तर हात घालू नका, ओलं पोतं टाका अंगावर."

हे सगळं सांगायला मला तिच्याच दारात जावं लागलं. ती लगेच हो म्हणाली, त्याचाही मला राग आला. दोघांची नसबंदी झाली. मी मागच्या दारी न्हाणीजवळ भाकर देऊ लागले, जिथे सासूबाईंना काहीच दिसत नव्हतं. पोळ्याला दोन्ही कुत्रे एकाच सावलीत जरा अंतर ठेवून पडले होते. ह्यांनी वावराचं नाव काढलं नाही, म्हणजे काळा राहिला.

पण तो माझी भाकर अर्धी टाकू लागला. तोंडाला दुधाचा वास यायचा. एका सकाळी मी त्याच्या मागे गेले, तर हा तिच्या मागच्या दारात, तिच्या ताटलीत तोंड घालून.

"ताई, डॉक्टरनं सांगतलं होतं ना, मोठ्याले पयले द्या म्हणून?" जाऊ म्हणाली. "तुमचा मोठा. त्याचं झालं की मंग आमच्याले सोडते."

तिच्याशी भांडायला एवढं एक कारण सापडलं होतं, तेही तिनं ठेवलं नाही. मी काळ्याला हाक मारली. ज्याला वावरात नेऊ नये म्हणून मी रडले होते, त्यानं ताटलीतून मानही वर केली नाही.