घराला पाणी घालणारे काका

मातीकाकांच्या घरी पाण्याचा पेला उचलण्याआधी विचारावं लागे. निम्म्या पेल्यांत मातीची ढेकळं फुगत घातलेली असत आणि बाहेरून खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असे. काका रेल्वेत माती तपासायचे. पण नोकरी जयपूरला, आणि तिथली माती पडली रेताड. पाण्यात ढिम्म. काका तिला ‘निगरगट्ट’ म्हणत.

ते मूळचे यवतमाळचे. काळ्या मातीवर बांधू नका, असं त्यांनी अहवालांत जन्मभर लिहिलं. निवृत्तीच्या सुमारास जयपूरबाहेर चाकसूजवळ एका बुजलेल्या तळ्यात काळ्या मातीचा तुकडा दिसला आणि त्यांनी तिथेच घर बांधलं. माझ्या बाबांनी कारण विचारलं.

“उन्हाळ्यात भेगा पडतात हो तिला,” काका म्हणाले. “आपल्या गावासारख्या.”

पहिल्याच श्रावणात सत्यनारायणाला आम्ही गेलो. दोन दिवस झड लागली होती. खालची माती फुगून घर एका कोपऱ्यात उचललं गेलेलं. शिंतोडे येतात म्हणून कुणी दार जोरानं लोटलं, ते पुन्हा उघडेना. स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून गज बसले नव्हते, म्हणून गुरुजींना तिथून खाली उतरवलं, पाठोपाठ प्रसादाचं पातेलं.

“काहून घाबरता? आठ दिवस ऊन पडलं की उघडते,” काका म्हणाले.

“मी नाही राहत बा या घरात,” काकू म्हणाल्या. पण राहिल्या.

उन्हाळ्यात माती आकसली की भिंती तडकणार. त्यावर उपाय एकच, ओल बारमाही सारखी ठेवायची. काका रोज सकाळी अंगणातल्या हातपंपाच्या चाळीस बादल्या घराभोवती ओतू लागले. शेजारी कुंपणावरून विचारी, “बाबूजी, मकान कितना बढ़ा?” काका मोजपट्टी लावून खरंच सांगत.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला. विहिरी आटल्या, काकांचा हातपंप तेवढा चालू राहिला. बायका घागरी घेऊन दारात आल्या, त्याच दिवशी काकांनी घराचं पाणी बंद करून बादल्या उपड्या घातल्या. “घर काही तहानेनं मरत नाही,” म्हणाले. दोन महिन्यांत भिंत अशी फाटली की आरपार हात जाई. काका त्या भेगेसमोर खुर्ची टाकून बसत.

बाबांची बदली झाली तेव्हा आम्ही निरोप घ्यायला गेलो. चहा झाला. काकू कपबशा घेऊन मागे गेल्या, मी त्यांच्या पाठोपाठ. त्यांनी कप विसळले, ते पाणी पातेल्यात धरलं आणि जाऊन भिंतीच्या बुडाशी सावकाश ओतलं. मला पाहून जरा दचकल्या.

“त्यांना नको सांगू बा,” त्या हळूच म्हणाल्या. “पाणी वाया घालवते म्हणतील.”