निळीचा ठिपका

परळमध्ये आजवर जेवढी माणसं संतापली असतील, त्या सगळ्यांचा संताप एका पातेल्यात ओतला, तरी तो माझ्या बायकोच्या मामांच्या एका सकाळच्या संतापाइतका भरणार नाही. आणि हा सगळा संताप एकाच गोष्टीचा: कुणीतरी काहीतरी फेकून दिलं. मामा गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, तिथे काचेचा टॉवर आला, आणि मामा चाळीच्या गॅलरीत बसून बादल्या, खुर्च्या आणि मामींच्या मनाविरुद्ध मामींचा मिक्सर दुरुस्त करू लागले. त्यांनी सांधलेली प्रत्येक बादली थोडीशी गळते. हे दाखवून देणारा माणूस त्या दिवशी चहाला मुकतो. ‘‘एवढ्याशा गळण्याला गळणं म्हणत नाहीत,’’ असं मामा ठणकावतात आणि मामी मुकाट्याने बादलीखाली ताट सरकवतात. माझ्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला टेबलफॅन दिला. तो अजून चालतो. फक्त तो चालू असताना त्याच्या समोर बसायचं धाडस घरात कुणी करत नाही.

अशा माणसाकडे मी आपण होऊन पेट्रोलची टाकी घेऊन गेलो, हा शुद्ध गाढवपणा. वरळी कोळीवाड्यातला माझा वर्गमित्र दामू, त्याच्या लहान होडीच्या इंजिनाची ती लाल प्लास्टिकची टाकी. धक्क्याला घासून तिला तळाशी नखाएवढी चीर पडली होती. मासेमारीची बंदी उठायला दहा दिवस उरले होते आणि दुकानदार म्हणाला होता, ‘फेका, नवी घ्या.’ हे मी मामांना सांगायला नको होतं. त्यांनी दुकानदार, टाकीवाली कंपनी आणि शिकलेले जावई यांचा त्याच क्रमाने उद्धार केला. ‘‘जावईबापू, फेकायला अक्कल लागत नाही. आमालापण फेकलंच की!’’

मग आठ दिवस आख्खा मजला वेठीला. टाकी साबणाच्या पाण्याने धू धू धुतली, पाऊस उघडला की उघडी करून उन्हात ठेवली. वास जाईपर्यंत शेजाऱ्यांना उदबत्तीचीही बंदी. त्या प्लास्टिकला कुठलाच गोंद धरेना, हा मामांना स्वतःचा अपमान वाटला. शेवटी टाकी आडवी करून, आत उरलीसुरली वाफ पेटू नये म्हणून चिरेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, त्यांनी तशाच प्लास्टिकची पट्टी तापल्या सळईने चिरेत वितळवून बसवली. मग आत निळीचं पाणी भरलं आणि टाकी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दिवसभर उभी ठेवली.

संध्याकाळी दामूसमोर मामांनी टाकी उचलली. पांढऱ्याशुभ्र कागदावर मोहरीएवढा एक निळा ठिपका.

इतक्या वर्षांच्या सूडाची संधी समोर चालून आली होती. मी म्हणालो, ‘‘एवढ्याशा गळण्याला गळणं म्हणत नाहीत, मामा.’’

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दामूला विचारलं, ‘‘किती लांब जातोस?’’

‘‘तासभर आत. जास्त नाय.’’

‘‘एकटा?’’

‘‘लेक असते ना. इंजिनाकडे तीच बसते. द्या मामा, एका ठिपक्याने काय होतंय?’’

मामांनी टाकीतलं निळं पाणी मोरीत ओतलं, करवत घेतली आणि आमच्या देखत आठ दिवसांची ती मेहनत बरोबर मधोमध कापली. ‘‘नवी घे. आजच्या आज घे,’’ एवढंच म्हणाले. मामी स्वयंपाकघराच्या दारात हातात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते परत मांडणीवर ठेवलं.

अर्ध्या टाकीत आता मामींचा ओवा फोफावलाय. परवा गेलो तर खालून पाणी टपकत होतं. जुनी मजा यावी म्हणून मी ते मुद्दाम मोठ्याने दाखवून दिलं आणि बोलणी खायला तयार होऊन बसलो. मामांनी वाकून पाहिलं.

‘‘गळतंय खरं,’’ म्हणाले, आणि मामींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

तो चहा काही मला गोड लागला नाही.