आक्काच्या खिळ्यावरची वही

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. तीन उरल्या होत्या, त्या तपासून मगच उठले. असं का केलं, ते आज दीड महिन्यानंतरही मला सांगता येत नाही. रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आला तो तिच्या खोलीतला खिळा...

माझी ही थोरली बहीण चौथीतच शाळेतून काढलेली. मी शिकले ती तिच्या जिवावर, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. कोल्हापुरात एका खोलीच्या संसारात ती साड्यांना फॉल-पिको करायची. नव्वदच्या सुमारास गल्लीतल्या पोरांनी गणपतीत नाटक बसवलं. राजाचा भाड्यानं आणलेला अंगरखा पहिल्याच अंकात काखेत उसवला. आक्कानं दुसऱ्या दिवशी जुन्या पडद्याचा नवा शिवला, तो काही उसवला नाही. मग हौशी नाटकवाले दारात येऊ लागले आणि हँडबिलावर 'वेशभूषा'पुढे तिचं नाव छापून आलं. ते हँडबिल ती फॉल लावायला आलेल्या बायकांनाही दाखवायची.

तिची रीत निराळी होती. नटाला ती आधी भाषण म्हणायला लावायची, तलवार उगारायला लावायची आणि तो ओरडत असताना अंगाभोवती दोरा धरून गाठी मारायची. एक गाठ दम घेतल्याची, एक सोडल्याची, एक हात वर गेल्याची. माणसागणिक एक दोरा, आणि सगळे दोरे त्या खिळ्याला. मी म्हणायचे, "अगं, इंचात लिही की, आकडे येतात तुला." तर म्हणायची, "टेपाला माणूस गप हुबा ऱ्हातोय. नाटकात राजा गप हुबा ऱ्हातोय व्हय?"

दोन हजारनंतर दौऱ्यावर आलेल्या मुंबईच्या एका नाटक कंपनीनं तिचं काम पाहिलं आणि नव्या ऐतिहासिक नाटकाचे सगळे कपडे तिच्यावर सोपवले. वीस नटांची मापं देऊन मंडळी पुढच्या गावाला गेली, आणि आक्काचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. ती घरी यायच्या दिवशी मी खोली आवरली. दोरे कसले आहेत हे मला पुरतं माहीत होतं. पण मुंबईच्या माणसांपुढे गाठी काय दाखवायच्या, मापं तर फोन केला की मिळतील, असा माझ्या मास्तरणी डोक्याचा विचार. तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला सगळे दोरे मी बंबात घातले आणि खिळ्याला लाल पुठ्ठ्याची नवी वही टांगली.

"दोरं कुठं हाईत गं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं वही उघडून पाहिली आणि परत खिळ्याला टांगली.

मुंबईहून मापांचा कागद आला, सगळा इंचांचा. आक्का आठ दिवस कात्री घेऊन कापडापुढे बसून राहिली. कापड तसंच परत गेलं, काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. पुढे गल्लीतला एक नट आला तेव्हा मीच हौसेनं वही काढली. आक्कानं दोरा धरला, मी तो टेपाला लावून लिहिलं, 'छाती ३८.'

"दम घिऊन, का सोडून?" तिनं विचारलं.

"एकच लिहितात, आक्का."

"मग तूच शिव," म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत फॉल-पिको. आणि मी मात्र तिला मापं लिहायला शिकवलं म्हणून पाहुण्यांत मिरवत होते. जायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसले होते. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तेही झालं नाही.

परवा खोली रिकामी करायला गेले. वही खिळ्यालाच होती. पहिल्या पानावर माझं वळणदार अक्षर, पुढे सगळी कोरी. निदान तेवढं तरी पुरं करावं म्हणून पेन काढलं. दम घेऊन, का सोडून... आठवेना. माप घेताना मी त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं, नुसती टेपाकडे बघत होते.